गावची तंटामुक्ती समिती: कुठे कामाची, कुठे नाही

आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला गावातले तंटे गावाच्या समितीनं गावातच मिटवायची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ते तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, म्हणून सांगली जिल्ह्याला ही मोहीम घरचीच वाटते. तंटामुक्त गावांना मिळणाऱ्या पुरस्कारांची धामधूम सरली. कित्येक गावांत समिती आता कागदावरच आहे. जिथं ती खरोखर बसते, तिथं मात्र याहून मोलाची फुकटची सेवा गावात दुसरी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बांधाच्या भांडणात तिचा खरा कस लागतो. क्रम पाळला तर दोन-तीन बैठकांत काम होतं. आधी भूमी अभिलेखकडे फी भरून मोजणी, मग दोन्ही शेतकऱ्यांसमोर हद्दीचे दगड, आणि त्यानंतरच बोलणी. मोजणीआधी तोंडी तडजोड केली की पुढच्या नांगरटीला बांध पुन्हा सरकतो आणि दोन्ही घरं समितीवरच चिडतात. बैठक डेअरीला दूध घालून झाल्यावर ठेवावी. समितीतले तिघे पुरेत, त्यातल्या एकानं फक्त लिहायचं. वादी-प्रतिवादींच्या भावकीतला माणूस त्या तिघांत नको. तडजोडनाम्यात गट नंबर, दगडांची जागा, उसाच्या गाडीला वाट किती फूट आणि कोणत्या महिन्यांत, हे सगळं हवं. ‘दोघांनी सामोपचारानं राहावं’ एवढंच लिहिलेला कागद सहा महिनेही टिकत नाही. दावा कोर्टात असेल तर तडजोड तिथं किंवा लोकअदालतीत दाखल करावी लागते.

सणांच्या सलोख्यात सेवा कमी पडते. वाळव्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कडेगावच्या मोहरमात हिंदू-मुसलमान मिळून ताबूत उचलतात. याच जिल्ह्यात 2009 च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली, आणि 2023 ला शेजारच्या साताऱ्यात पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली. सणाच्या आदल्या आठवड्यात घेतलेली बैठक अशा वेळी पुरत नाही. प्रत्येक वस्तीतली दोन माणसं बारमाही ठरलेली हवीत. वाईट पोस्ट आली की ती पुढे न पाठवता स्क्रीनशॉट बीट अंमलदाराकडे (आपल्या गावासाठी नेमलेल्या पोलिसाकडे) द्यावा, गर्दी जमत असेल तर 112 लावावा आणि ज्या घरावर रोख आहे तिथं दोन्ही समाजांच्या माणसांनी लगेच जाऊन बसावं.

या कामात माणसं थकतात. न पेटलेली दंगल कुणाला दिसत नाही आणि मिटवलेल्या तंट्यांचा आकडा पुरस्काराइतकाच फसवा असतो. म्हणून समितीच्या वहीत आम्ही एकच रकाना शोधतो: वर्षानंतर तडजोड टिकली का? तो भरणाऱ्या समितीला आपण केलेलं उभं राहिलेलं दिसतं, आणि जे मोडलं ते का मोडलं हेही कळतं. उमेद तिथून येते. हा रकाना नसेल तर तो आजच आखावा. पट्टी आणि पेन एवढाच खर्च आहे.

बांध, वाट, पाण्याची पाळी, किरकोळ मारामारी यांसाठी समितीकडे निःशंक जा. घरातला बाईवरचा अत्याचार, बालविवाह, अ‍ॅट्रॉसिटी यांत मात्र तडजोड करायला कुणी बोलावलं तर जाऊ नका, थेट पोलीस ठाणं गाठा. ऐकलं नाही तर वाळीत टाकू, अशी भाषा कुणी केली तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीही तक्रार तिथंच द्या.