मीटरमधला अंधार आणि नाना पेठेतले एक दुकान

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साताऱ्याहून पुण्याला परतताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडले आणि सहज मीटरकडे पाहिले, तर साठपासून पुढचे सगळे आकडे काळोखात गेलेले होते. काटा हलत होता, पण तो कशावर उभा आहे हे कळत नव्हते. बोगद्यानंतरच्या उतारावरच्या त्या वळणाची ख्याती त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांना सांगावी लागत नाही. तिथे वेगाचा नुसता अंदाज धरून गाडी खाली उतरवताना मला खरोखर भीती वाटली. मीटरच्या उजेडाची दुरुस्ती ही हौसेची गोष्ट नाही, हे त्या रात्री मला पटले. त्यानंतर ही दुरुस्ती मी दोन ठिकाणी करून घेतली. त्यातली दुसरी कशी झाली हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे, आणि पहिलीत काय चुकले हे सांगितल्याशिवाय तिचे मोल समजणार नाही.

माझी गाडी २००६ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तिच्या मीटरमागे बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे काचेचे बल्ब आहेत. त्यांना मागे धातूची टोपी नसते, चपट्या काचेतून दोन बारीक तारा बाहेर येऊन वळलेल्या असतात आणि बल्ब नुसता होल्डरमध्ये दाबून बसतो. प्रकाशाचे बल्ब चार, आणि ऑइल, चार्जिंग, हँडब्रेक, इंडिकेटर असे इशाऱ्याचे दिवे वेगळे. घराजवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला सांगण्यात आले, की एकतर सगळा मीटरच बदला किंवा एलईडी टाकून घ्या. मीटर बदलला तर गाडी आजवर किती किलोमीटर चालली हा आकडाही बदलतो आणि गाडी विकताना त्याचा खुलासा करत बसावे लागते, म्हणून मी एलईडीला होकार दिला. काम वीस मिनिटांत झाले. दिवसाच्या उजेडात ते छान दिसले आणि मी पैसे देऊन निघाले.

रात्री मात्र तो मीटर बघवेना. मूळ बल्बची तार चहूबाजूंना प्रकाश फेकते आणि आकड्यांच्या मागची पारदर्शक पट्टी तो प्रकाश सारखा पसरवते. त्या एलईडींचा प्रकाश बहुतेक सरळ समोर जात होता, त्यामुळे चाळीसच्या आकड्यामागे पांढराशुभ्र ठिपका आणि शंभरच्या आसपास अंधूकपणा, असा तो मीटर दिसू लागला. उजेड कमी करण्याचे चक्र फिरवून काही फरक पडत नव्हता. शिवाय गाडी सुरू केल्यावर चार्जिंगचा दिवा मंद मंद जळत राहायचा आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की विझायचा. हे पूर्वी कधी होत नव्हते. दुकानात पुन्हा गेले, तेव्हा ‘एलईडीला एवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले.

नाना पेठ गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुणेकरांना ठाऊक आहेच. तिथल्या एका आतल्या गल्लीत, ‘ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स’ एवढीच पाटी असलेल्या दुकानाचा पत्ता मला एका सहकाऱ्याने दिला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर खुंट्यांना लटकवलेली जुनी वायरिंग, आणि पुढे जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा. मालक साठीच्या आसपासचे असून सगळे त्यांना काका म्हणतात. मी मीटरची तक्रार सांगायला लागले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, बल्ब नंतर बघू. आधी गाडी चालू करा.” माझ्या दृष्टीने या दुकानाचे सगळे वेगळेपण या एका वाक्यात आहे.

त्यांनी मल्टिमीटरची टोके बॅटरीला लावली. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट आले, ते ठीक होते. इंजिन सुरू करून थोडे वाढवल्यावर आकडा चढत चढत १५.३ वर जाऊन थांबला. काकांनी हेडलाइट लावायला सांगितले, तरी तो पंधराच्या खाली उतरेना. अशा गाडीत हा आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान राहायला हवा, तो तसा राखण्याचे काम इंजिन चालू असताना वीज तयार करणाऱ्या ऑल्टरनेटरमधला रेग्युलेटर करतो, आणि माझ्या गाडीतला रेग्युलेटर ते काम करेनासा झाला होता. गेल्या वर्षभरात हेडलाइटचा एक आणि ब्रेकचा एक बल्ब गेला होता, हे मला तेव्हा आठवले. मी ते तीन वेगवेगळे योगायोग समजत होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मीटरमधला असा बल्ब साधारण १.२ वॉटचा असतो, म्हणजे त्यातून जेमतेम एक दशांश अँपिअर वीज जाते. त्यातली टंगस्टनची तार मात्र दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते. टंगस्टन वितळते ३४२२ अंशांना, पण तार झिजायला वितळावे लागत नाही; तापलेल्या तारेवरून धातूचे कण सतत उडत राहतात आणि काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बसतात, म्हणून जुन्या बल्बची काच करड्या आरशासारखी दिसते. तार जिथे थोडी बारीक होते तिथे ती जास्त तापते, आणि जास्त तापते म्हणून तिथेच आणखी झिजते. दिवा बहुधा लावण्याच्या क्षणीच का जातो, याचेही उत्तर इथेच आहे: थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे एक दशांशच असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज धावते आणि बारीक झालेली जागा तो धक्का सोसू शकत नाही. यात व्होल्टेजचा हिशेब फार कठोर आहे. ते पाच टक्के वाढले, तर बल्बचे आयुष्य सुमारे निम्मे होते. चौदाच्या जागी १५.३ म्हणजे नऊ टक्के जास्त, आणि तेवढ्याने आयुष्य जवळपास एक तृतीयांशावर येते. रेग्युलेटर तसाच ठेवून मी कितीही बल्ब बदलले असते, तरी ते जातच राहिले असते.

त्यानंतर काकांनी मीटर बाहेर काढला. स्टिअरिंग खाली केले, वरच्या छज्ज्याचे दोन स्क्रू सोडवले, मीटर अलगद पुढे ओढून मागचे कपलर खटके दाबून काढले आणि तो टेबलावरच्या फडक्यावर पालथा ठेवला. हे करताना काट्याला बोट लागणार नाही याची त्यांनी फार काळजी घेतली, कारण काटा नुसता हाताने फिरला तरी वेग चुकीचा दाखवू शकतो. पाठीमागे काळ्या प्लॅस्टिकचे छोटे होल्डर होते. पाव फेरा फिरवला, की ते सुटतात. त्यांनी एकेक होल्डर काढून मला हातात दिला. तांब्याच्या पट्ट्यांवर, जिथे होल्डर टेकतो तिथे, काळे डाग पडले होते. ते त्यांनी साध्या खोडरबराने घासून काढले आणि मग वरून स्प्रे मारला. मीटरवर टिचकी मारल्यावर दिवा लागत असेल, तर बल्ब शाबूत असून दोष या पट्टीचा असतो, हेही त्यांनी सांगितले.

चार्जिंगच्या दिव्याचा उलगडाही तेव्हाच झाला. या पिढीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ऑल्टरनेटरला सुरुवातीला लागणारी थोडी वीज त्या बल्बमधूनच जाते. एलईडी एवढी वीज जाऊ देत नाही, म्हणून ऑल्टरनेटर जागा व्हायला इंजिनाचा जास्त वेग लागत होता. ‘चालायचेच’ म्हणून सोडून देण्याची ही बाब नव्हती.

मात्र सगळ्यात गंभीर गोष्ट मीटर काढण्याच्या आधीच आढळली होती. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता त्यांनी मला सगळे इशाऱ्याचे दिवे मोजायला सांगितले होते, आणि ऑइलचा लाल दिवा लागलाच नव्हता. एलईडीला उलटसुलट बाजू असते. साध्या बल्बला ती नसते. आधीच्या दुकानात तो एलईडी उलटा बसवला गेला होता, आणि माझ्या गाडीत ऑइलचा दाब कमी झाला असता, तर मला कळवणारे काहीही उरले नव्हते. दोन महिने मी तशीच गाडी चालवली. एरवी मी कोणाच्या कामावर चटकन रागावत नाही, पण याचा मला संताप आला आणि तो अजूनही ओसरलेला नाही. इंजिनाचे काम काढायची वेळ आली असती, तर त्या वीस मिनिटांच्या कामाला कोणी जबाबदार धरले नसते.

काकांनी रेग्युलेटर बदलला, इशाऱ्याच्या सगळ्या दिव्यांसाठी पुन्हा तारेचेच बल्ब घातले, आणि प्रकाशासाठी काय हवे ते मला विचारले. चांगले, चहूबाजूंना प्रकाश देणारे एलईडी मिळतात आणि प्रकाशाच्या जागी ते घालायला हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण मूळ हिरवा रंग हवा असेल तर साधे बल्बच बरे. तो हिरवा रंग बल्बवर चढवलेल्या लहानशा रबरी टोपीचा असतो. माझ्या जुन्या टोप्या उष्णतेने कडक होऊन तडकल्या होत्या. नव्या टोप्या त्यांच्या डब्यात निघाल्या, म्हणून मी साधे बल्ब घेतले. शेवटी मदतनीस मुलाला गाडीमागे उभे करून त्यांनी पार्किंगचे दिवे पाहून घेतले. माझ्या गाडीत मीटरचा उजेड आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर आहेत, आणि पुष्कळ गाड्यांत तसे असते. “सगळा मीटर एकदम गेला ना, तर आधी खाली उतरून मागे जाऊन बघायचं,” असे त्यांनी बजावले. एकेक आकडा अंधारात गेला तर बल्ब, सगळे एकदम गेले तर फ्यूज, चक्र किंवा वायर, ही विभागणी मला या भेटीत मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. मागचे दिवे बंद असताना हमरस्त्यावर गाडी चालवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

एकूण खर्च १,८५० रुपये आला, त्यात रेग्युलेटरचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि बल्ब एकेक पंधरा रुपयांना पडला. काम संपल्यावर त्यांनी पुन्हा मल्टिमीटर लावून १४.२ चा आकडा मला दाखवला आणि मगच बॉनेट बंद केले.

उणिवाही आहेत. वेळ आधी ठरवून मिळत नाही, मला साडेतीन तास लागले आणि त्यातला दीड तास माझ्या आधीच्या गाडीचा होता. बसायला एक प्लॅस्टिकचे स्टूल आहे. बिल मागितल्यावर मिळाले, तेही हाताने लिहिलेले, आणि रेग्युलेटरचा जुना भाग परत हवा का हे कोणी आपणहून विचारले नाही. गाडी गल्लीत आणणे सकाळी दहाच्या आत जमले तर ठीक, नंतर कठीण. अलीकडच्या गाड्यांत मीटरचे एलईडी बोर्डावरच डाख देऊन बसवलेले असतात किंवा पूर्ण पडदाच असतो. तसे काम ते घेत नाहीत, बोर्ड काढून बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडे पाठवतात आणि तसे आधीच स्पष्ट सांगतात.

त्यानंतर आठ महिने झाले. खंबाटकीच्या बोगद्यातून मी अनेकदा रात्री आले आहे, आकडे हिरवे आणि सारखे उजळलेले असतात, आणि चक्र फिरवले की मंद होतात. किल्ली फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे आता मी दर वेळी पाहते.