दिवसा शेवाळी, समईत आमसुली: सुटा अलेक्झांड्राइट घेतला त्याची गोष्ट

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून एका बोळात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. गेली सव्वीस वर्षं दिवसातून वीसेक वेळा तरी मी एकच वाक्य बोलते: "ताई, इथं नको, पायरीवर उजेडात जाऊन बघा." आत ट्यूबखाली साडीच्या काठाशी बेमालूम जुळलेला टू बाय टू रुबियाचा तुकडा पायरीवर नेला की कधीकधी अगदी परका दिसतो. गिऱ्हाइकाला वाटतं बाईनं तुकडा बदलला. बदललेला असतो फक्त उजेड.

म्हणून लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, "आई, हा बघ तुझ्या धंद्याचा खडा," तेव्हा मी तिथेच अडकले. खिडकीत हिरवा, मेणबत्तीजवळ लाल. नाव अलेक्झांड्राइट. लेक जूनची, आणि जूनच्या जन्मरत्नांत मोत्याच्या जोडीला हाही असतो, तेवढं निमित्त पुरलं. पन्नाशीला स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं होतंच.

पहिली खरेदी फसली, ती आधी सांगून टाकते. ऑनलाइन विक्रेता, नाव देत नाही. ४.१० कॅरेट, अंडाकृती, आत एक डाग नाही, 'लॅब सर्टिफाइड', दोन हजार चारशे रुपये. सोबत रशियाच्या राजपुत्राची गोष्ट छापलेलं कार्ड. गोष्ट खोटी नाही. १८३०च्या दशकात उरल पर्वतात, टोकोवाया नदीकाठच्या पाचूच्या खाणींत हा खडा सापडला आणि राजपुत्र अलेक्झांडरचं, म्हणजे पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरचं, नाव त्याला मिळालं. पण पाकिटातून निघालेल्या खड्याचा त्या गोष्टीशी काही संबंध नव्हता. पायरीवर नेला तर करडा निळा. घरी जुन्या पिवळ्या बल्बखाली धरला तर जांभळा. बदलत होता, झकास बदलत होता, पण हिरवा कुठेच नाही आणि लालही नाही. रंगाच्या धंद्यातल्या बाईला निळा हिरवा म्हणून विकायचा म्हणजे कमाल आहे. सर्टिफिकेट पाहिलं तर ते विकणाऱ्यानंच छापलेलं. परत घ्या म्हटलं तर 'सुटा खडा परत होत नाही' असं ठोकळेबाज उत्तर आलं.

नंतर कळलं की हा प्रकार फार जुना. कृत्रिम कोरंडम, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात तेच, कारखान्यात वितळवून त्यात व्हॅनेडियम घालतात, की झाला निळा-जांभळा 'अलेक्झांड्राइट'. कित्येक पिढ्यांतल्या प्रवाशांनी परदेशी बाजारांतून तो हौसेनं घरी आणलाय. कुणाच्या आजीच्या अंगठीत असा मोठा, स्वच्छ, निळा-जांभळा खडा असेल तर तो बहुतेक हाच.

खऱ्यासाठी आधी गुजरीत, आमच्या सोनारांच्या पेठेत, फिरले. आमचे नेहमीचे सोनार म्हणाले, "वहिनी, हा कुठल्या ग्रहाचा?" कुठल्याच नाही. नवरत्नांत तो नाही, पत्रिकेत कुणी सांगत नाही, म्हणून दुकानात कुणी ठेवत नाही. गंमत म्हणजे त्याचा सख्खा भाऊ त्यांच्या काचेखाली पडलेला होता, लसण्या. अस्सल लसण्या आणि अलेक्झांड्राइट दोन्ही एकाच खनिजाचे, क्रिसोबेरिलचे. एकाला केतूमुळे भाव आला, दुसऱ्याला कुणी विचारत नाही. सोनारांनी शेवटी पुष्कराज दाखवला. ते बिचारे नेहमीच पुष्कराज दाखवतात.

भाची जयपूरला असते. दिवाळीनंतर तिच्याकडे आठ दिवस गेले, त्यातली दोन दुपारं जोहरी बाजारात काढली. गोपालजी का रास्ता ही खड्यांची गल्ली. खाली रस्त्यावर दलाल घोळक्यानं उभे असतात, शर्टाच्या खिशातून कागदाच्या पुड्या निघतात, उघडतात, मिटतात, परत खिशात. मी त्यांच्या वाटेला गेले नाही. भाचीच्या शेजाऱ्यांच्या ओळखीनं एका पहिल्या मजल्यावरच्या गादीवर, म्हणजे खड्यांच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर, गेलो. पांढरी चादर, लोड, उत्तरेकडची खिडकी. खिडकी उत्तरेची का, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ऊन थेट येत नाही, दिवसभर उजेड एकसारखा. माझ्या दुकानाला तशी खिडकी असती तर निम्मी भांडणं वाचली असती.

शेठजींनी पाच पुड्या समोर ठेवल्या. मी व्हिडिओतले टपोरे खडे डोक्यात घेऊन गेलेली. इथं सगळा माल मुगाएवढा, फार तर मसुराएवढा. बराचसा आंध्र आणि ओडिशाकडचा, थोडा छत्तीसगडचा. आपल्याच देशात निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ब्राझीलचा म्हणून एक पाऊण कॅरेटचा वेगळा ठेवला होता, तो खिडकीत मोरपंखी आणि दिव्यात डाळिंबी. भाव ऐकून मी तो स्वतःच पुडीत गुंडाळून परत केला.

आता उजेडाचं. गादीवरच्या टेबलाला पांढरा एलईडी दिवा. त्याखाली पाचही पुड्या सारख्याच मळकट हिरव्या. भाचीनं मोबाइलचा टॉर्च लावला, तरी हिरव्याच. मी म्हटलं, पिवळा बल्ब आहे का, जुना, तारेचा? शेठजी हसले. "मॅडम, बल्ब अब कहाँ मिलता है," म्हणत त्यांनी गल्ल्यामागून एक जुना स्टीलचा टॉर्च काढला, दोन मोठ्या सेलचा, आत तारेचाच बारका बल्ब. तो पेटवला आणि पुडीत जणू कुणीतरी कुंकू सांडलं. सगळ्याच खड्यांत नाही. तिसऱ्या पुडीतले जेमतेम तपकिरी झाले, पहिलीतले बरे, चौथीतले दोन मस्त.

तिथेच मी त्यांना विचारलं की हे धूपछावसारखंच ना? धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून पदर हलवला की रंग हलतो. ते म्हणाले, नाही, तिथे तुम्ही कापड फिरवता, इथे खडा जागेवर ठेवून दिवा बदलायचा. मग लूप, म्हणजे जवाहिऱ्यांचं बारकं भिंग, डोळ्याला लावून खडा गोल फिरवायला सांगितला, तर धूपछावही होतीच: एका बाजूनं हिरवट, दुसरीकडून नारिंगी, तिसरीकडून लालसर. म्हणजे माझंही अगदी चुकलं नव्हतं.

रंग बदलतो तो कशानं, हे मला माझ्या धंद्यामुळे चटकन उमजलं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्ही क्रोमियमचीच करणी. अलेक्झांड्राइटमध्ये तोच क्रोमियम असा बसतो की खडा मधला पिवळा उजेड गिळतो आणि हिरवा नि लाल जवळपास सारखाच पार सोडतो. तागडी मधोमध. मग वरून पडणाऱ्या उजेडात ज्याचं वजन जास्त, तिकडं ती कलते. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भरपूर, दिव्याच्या ज्योतीत लाल भरपूर. आणि दुर्मीळ का, तर त्याला बेरिलियम आणि क्रोमियम दोन्ही लागतात, नि ही दोन मूलद्रव्यं जमिनीत सहसा वेगवेगळ्या जातीच्या खडकांत राहतात. त्यांची गाठ क्वचित पडते.

चौथ्या पुडीतल्या दोघांपैकी एक घेतला. ०.४६ कॅरेट, उशीच्या आकाराचा, बुडाला जरा जास्त जाड कापलेला. वजन राखायला असं कापतात, त्यामुळे वरून तो वजनाच्या मानानं लहान दिसतो. हा माझा आक्षेप मी तोंडावर सांगितला. लूपमधून आत बारीक सुया आणि एक धुरकट पदर दिसतो. शेठजी म्हणाले, तेच बरं. एवढ्या पैशांत खडा आरशासारखा स्वच्छ मिळाला तर झोप उडायला हवी. रंग बदलतो किती, हे बाजारात टक्क्यांत सांगतात. त्यांनी सत्तर सांगितले. माझ्या डोळ्याला साठ.

भाव सुरू झाला साठ हजार रुपये कॅरेटपासून. हो, कॅरेटचा भाव. वजन अर्ध्याहून कमी म्हणून हिशेब आवाक्यात येतो, आणि वजन वाढेल तसा कॅरेटचा भावही चढतो, हे ध्यानात ठेवावं. पाऊण कॅरेटवाला म्हणजे नुसती दीडपट किंमत नव्हे. घासाघीस करत पंचेचाळीसला आलो. वीस हजार सातशे होत होते, मी वीस हजार पाचशेवर हात आखडला.

पण पैसे देण्याआधी एक अट घातली, आणि या सगळ्या खरेदीत मी शहाणपणा केला असेल तर तो एवढाच. खडा जांगड द्या म्हटलं. आमच्या कापडातही जांगड चालते, माल न्यायचा, पटला तर ठेवायचा. शेठजींना शब्द ऐकूनच बरं वाटलं असावं. पूर्ण रक्कम अनामत ठेवली, बिलावर 'नैसर्गिक अलेक्झांड्राइट, ०.४६ कॅरेट' लिहून घेतलं, आणि लॅब वेगळं म्हणाली तर पैसे परत, हे खाली सहीनिशी. जे विक्रेते याला तयार होत नाहीत त्यांच्या गादीवरून उठावं. बाजूच्याच एका गाळ्यात मला 'लॅबला कशाला, आम्ही तीन पिढ्या आहोत' असं ऐकायला मिळालं होतं. तीन पिढ्या असतील हो, पण मला कागद हवा.

जयपुरात जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलची रत्नपरीक्षेची लॅब आहे. तिथे दोन्ही खडे दिले, हा आणि तो ४.१० कॅरेटचा देखणा. छोट्याचा कागद आला: नैसर्गिक क्रिसोबेरिल, प्रकार अलेक्झांड्राइट. हा 'प्रकार' शब्द महत्त्वाचा. रंग नीट बदलत नसेल तर लॅब नुसतं क्रिसोबेरिल लिहिते, आणि किंमत धाडकन खाली येते. तिसऱ्या पुडीतला माल बहुधा तसाच निघाला असता. मोठ्याच्या कागदावर कृत्रिम कोरंडम, वक्रीभवनांक (उजेड खड्यात शिरताना किती वळतो त्याचं माप) १.७६ ते १.७७. अलेक्झांड्राइटचा असतो १.७४६ ते १.७५५. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात माझे चोवीसशे रुपये गेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेठजींकडे लॅबमध्ये वाढवलेला अलेक्झांड्राइटही होता. तो नकली नव्हे. घटक तेच, स्फटिक तोच, फक्त जमिनीऐवजी भट्टीत वाढलेला, १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. दीड कॅरेटचा तो खडा माझ्यापेक्षा शंभर पटीनं सुंदर बदलत होता, आणि कॅरेटला चार हजार. ज्याला रंगाची जादूच बघायचीय आणि 'जमिनीतून निघालेला' या शब्दांची हौस नाही, त्यानं तो घ्यावा, बिलावर 'लॅबमध्ये वाढवलेला' असं स्पष्ट लिहून. मला हौस होती. उगाच होती, असंही कधीकधी वाटतं.

घरी आल्यावर दुसरी अडचण. आमच्या घरात तारेचा बल्ब उरला होता तो एकच, न्हाणीघरातला, आणि परवा तोही गेला. बाकी सगळीकडे पांढरे एलईडी. म्हणजे माझा वीस हजारांचा खडा दिवसा शेवाळी आणि रात्रीही शेवाळीच, जरा मळका. पिवळसर एलईडीत किंचित तपकिरी होतो, पण ते काही खरं नाही. तो पूर्ण पालटतो फक्त देवघरात, समईजवळ. संध्याकाळी दिवा लागला की मी तो करंड्यातून काढून तळव्यावर घेते. आधी नुसता गडद होतो, मग ज्योत स्थिर झाली की आमसुलासारखा लाल, कडेला एक जांभळी झाक.

अंगठी अजून केलेली नाही. खडा कठीण आहे, कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर साडेआठ, रोज घालायला हरकत नाही. पण गुजरीतले सोनार म्हणतात, एवढ्याशा खड्याला दोन-अडीच ग्रॅम सोनं घालायचं तर आजच्या भावात सोनंच खड्यापेक्षा महाग पडेल. चांदीत करा म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. सध्या करंड्यातच बरा.

गौरीला नणंद आल्या होत्या. समईपुढे दोन्ही खडे ठेवून मी त्यांना काही न सांगता विचारलं, कुठला आवडला. त्यांनी क्षणही घेतला नाही. "वहिनी, हा मोठा किती पाणीदार आहे! तो बारका कशाला घेतलात?" मग लॅबचा कागद दाखवला, चोवीसशेची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं आणि मोठा परत बोटावर ठेवून बघू लागल्या. म्हटलं, न्या तुम्हीच. खोटा म्हणून सांगूनच दिला, कागदासकट. त्यांनी चांदीत अंगठी करून घेतलीय.