दुपारचं जेवण आणि नकाशातले तारे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिस नव्या इमारतीत हललं आणि त्याच महिन्यात माझा डबाही बंद झाला. कारण काही मोठं नाही, निव्वळ आळस. जेवणाची सुट्टी ५० मिनिटांची. खाली उतरलं की चारही बाजूंना खाण्याच्या जागा, आणि त्यातली एकही ओळखीची नाही. मग सगळे करतात तेच मीही केलं. फोनवरचा नकाशा उघडला, तारे बघितले आणि चालू पडले. ॲपचं नाव सांगत बसत नाही, तुमच्याही फोनात तेच किंवा त्याचंच भावंड असणार.

नऊ महिन्यांत ६४ जागा झाल्या. प्रत्येक जागेची नोंद ठेवली: किती वाजता गेले, किती वेळ थांबले, दहापैकी किती गुण. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर या ॲपला मी डोळे झाकून पाच तारे दिले असते. आज देणार नाही. पण ते काढूनही टाकणार नाही.

सुरुवातीचा उत्साह विचारू नका. ४.५ च्या खालचं काही दिसायलाच नको अशी चाळणी लावून टाकली होती. पहिल्याच आठवड्यात ४.७ ची एक जागा सापडली, अंतर १.१ किलोमीटर, नकाशा म्हणतो १४ मिनिटं चालत. हे गणित चुकीचं नाही, माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. पण नकाशा मोजायला लागतो इमारतीच्या दारापासून. अकराव्या मजल्यावरून एक वाजता लिफ्ट मिळायला लागणारी चार मिनिटं त्याच्या खिजगणतीत नाहीत, आणि दोन सिग्नलही नाहीत. पोहोचायला वीस मिनिटं लागली. रांगेत दहा गेली. उरलेल्या वेळात गरम सूप फुंकरून फुंकरून कसंबसं संपवलं, भात अर्धा टाकला आणि परतीच्या वाटेवर अक्षरशः पळाले. जेवण मात्र उत्तम होतं, ४.७ ला शोभेल असं. त्यामुळे राग नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

त्या रात्री सहज शोधताना एक गोष्ट वाचनात आली आणि माझ्या डोक्यातला गोंधळ बराच निवळला. खाण्याच्या जागांना तारे देण्याची पद्धत जगभर पोहोचवली ती मिशेलिन या टायरच्या कंपनीने. त्यांची पुस्तिका १९०० साली निघाली, मोटारवाल्यांसाठी. तारे आले १९२६ मध्ये, आणि त्यांचा अर्थ छापला गेला १९३६ मध्ये. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातली खूप चांगली जागा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी. तीन तारे म्हणजे तेवढ्यासाठीच खास प्रवास करावा अशी. टायर विकणाऱ्याला लोकांनी गाडी हाकलेलीच हवी असणार, त्यात नवल नाही. म्हणजे ताऱ्याचं नातं पहिल्यापासून वाट वाकडी करण्याशी होतं. आणि माझ्याकडे वाकडी करायला वाटच नव्हती. ५० मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी चाळणी उलटी लावली. आधी अंतर: चालत सहा मिनिटांच्या आत. मग तारे, तेही ४ पर्यंत सैल सोडून. यादी एकदम बदलली.

रिव्ह्यू वाचायची पद्धतही हळूहळू बदलत गेली. १४ लोकांनी मिळून दिलेले ४.८ आणि ९०० लोकांनी दिलेले ४.३ यांत मी आता दुसऱ्याकडे जाते. चौदांत मालकाचे मेहुणे किती, देव जाणे. ऑनलाइन रेटिंगचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा असतो असं २००९ च्या एका अभ्यासात दाखवलं होतं: पाच तारेवाले भरपूर, एक तारेवाले थोडे, मधले जवळजवळ गायब. खूश झालेला लिहितो, चिडलेला लिहितो. ज्याचं जेवण ठीकठाक झालं तो हात धुऊन कामाला लागतो. आता दुपारच्या जेवणात मला हवं असतं ते बहुतेक वेळा ठीकठाकच! म्हणजे माझ्यासारख्यांचं मत तिथे सगळ्यात कमी नोंदलेलं.

म्हणून मी तीन तारेवाले रिव्ह्यू शोधून वाचते. माहिती तिथेच असते. ‘जेवण चांगलं, पण पाणी तीनदा मागावं लागलं.’ ‘एकट्याला बसायला जागा नाही, चौघांच्या टेबलावर दाटीवाटीने बसवतात.’ ‘बिल यायला जेवणाइतकाच वेळ.’ पाच तारेवाला नुसतं ‘अप्रतिम’ लिहून मोकळा होतो. रिव्ह्यू ‘नवीन आधी’ असे लावून घ्या, ॲप स्वतःहून ते करत नाही. दोन वर्षांपूर्वीचा आचारी आज तिथे असेलच असं नाही. आणि मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले बघा, त्यात ताटाचा खरा आकार कळतो.

एक गोष्ट कळायला मात्र चार महिने लागले. बहुतेक रिव्ह्यू संध्याकाळचे असतात. कुटुंबाबरोबर, सुट्टीच्या दिवशी, निवांत. त्याच जागी कामाच्या दिवशी दुपारी वाढपी वेगळे, स्वयंपाकघरातली माणसं कमी, आणि कधीकधी पदार्थांची यादीही निम्मी. रात्रीच्या ४.६ ची दुपार माझ्या वहीत ५ गुणांचीही निघाली आहे, एकदा नव्हे, तीनदा. रिव्ह्यूंमध्ये ‘दुपारी’ किंवा ‘लंच’ असा शब्द टाकून शोधायची सोय आहे, ती मी आता सगळ्यात जास्त वापरते.

कुठल्या तासाला किती गर्दी ते उभ्या खांबांनी दाखवणारा ॲपमधला तक्ता मला सुरुवातीला देवासारखा वाटला. एक वाजता खांब अर्धा, म्हणजे जागा अर्धी रिकामी, असं मी समजत होते. ते तसं नाही. तो खांब त्या जागेच्या स्वतःच्या सगळ्यात गजबजलेल्या तासाच्या तुलनेत असतो. आठ खुर्च्यांच्या टपरीवजा जागेत संध्याकाळी बाहेरपर्यंत माणसं उभी राहत असतील, तर दुपारचा ‘अर्धा’ म्हणजेही आठच्या आठ खुर्च्या भरलेल्या. आणि दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तोच अर्धा खांब म्हणजे हवी ती खिडकी निवडा. दोन जागांचे खांब एकमेकांशेजारी ठेवून बघणं सोडून द्या. एकाच जागेचा पाऊण वाजताचा आणि सव्वाचा खांब मात्र जरूर बघा, मी बारा पन्नासऐवजी बारा पस्तीसला निघायला लागले ते त्यामुळेच.

रांग मोजायला ॲप लागत नाही, रांगांचं गणित मांडणारा संशोधक जॉन लिटल पुरेसा आहे. १९६१ साली त्याने एक सूत्र सिद्ध केलं: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा सरासरी वेळ. आपल्या कामाचं रूप असं, की दारात एक मिनिट उभं राहायचं, काउंटरवरून किती ताटं निघतात ते मोजायचं आणि पुढच्या माणसांना त्या आकड्याने भागायचं. पुढे बारा माणसं, मिनिटाला दोन ताटं, म्हणजे सहा मिनिटं. पुढे पाचच माणसं पण दोन मिनिटांत एक ताट, म्हणजे दहा. छोटी रांग बघून आत शिरणारी मी आता लांब रांगेत निमूट उभी राहते, ऑफिसातले हसतात.

हे सगळं एकीकडे. ज्या गोष्टीने मला खरंच हैराण केलं ती होती दुसरी भेट.

वहीत ९ गुण मिळवलेल्या जागी पुन्हा गेले की ७. असं सहा जागांच्या बाबतीत झालं. मी आचाऱ्यावर संशय घेतला, तेलावर घेतला, एकदा तर वाढप्याला विचारलंसुद्धा. तो बिचारा गोंधळून बघत राहिला. मग उलटंही घडलं. ४ गुण देऊन कायमची बाद केलेली एक जागा होती, पावसात अडकले म्हणून नाइलाजाने शिरले, आणि चक्क ७! फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबद्दल जे दाखवलं तेच इथे चाललं होतं. टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी बहुधा मध्याकडे सरकते. पहिल्या दिवशीच्या ९ मध्ये थोडं स्वयंपाकाचं श्रेय, थोडं नशिबाचं, थोडं माझ्या भुकेचं. दुसऱ्या दिवशी नशीब रजेवर. आता तीन खेपा झाल्याशिवाय मी कुठल्याही जागेवर शिक्का मारत नाही. आणि एकाच जागी सलग चार दिवस जातही नाही, कारण तोच पदार्थ पुन्हा पुन्हा समोर आला की जीभच त्याला कंटाळते, त्यात आचाऱ्याचा दोष नसतो.

ॲपमध्ये या दुसऱ्या भेटीसाठी काहीच नाही. शोधायला शंभर वाटा, पण ‘इथे तू तीनदा गेलीस, तिन्ही वेळा वेळेत परत आलीस’ असं ते कधी सांगत नाही. जतन केलेल्या जागांच्या यादीत स्वतःची टीप लिहिता येते, तेवढ्यावर मी भागवलंय. माझ्या टिपा अशा: ‘शुक्रवारी नको.’ ‘एकटी असेन तर भिंतीकडचा बाक.’ ‘सुट्टे ठेव.’

मध्यंतरी आवाजाबद्दलही एक गोष्ट कळली. २०१५ च्या एका प्रयोगात विमानातल्यासारखा ८५ डेसिबलचा गोंगाट ऐकवला, तेव्हा लोकांना गोड चव कमी जाणवली. माझ्या यादीतल्या दोन झकपक जागा इतक्या कर्कश आहेत की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. तिथलं गोड मला कायम फिकं लागलं. तेवढंच कारण असेल असा दावा नाही, तिथली साखरही कमी असू शकते.

आता काकांबद्दल. आमच्या विभागात सगळ्यात ज्येष्ठ, सगळे त्यांना काकाच म्हणतात. माझी वही, माझे खांब, माझे भागाकार ते नऊ महिने शांतपणे बघत होते. ते स्वतः रोज एकाच ठिकाणी जातात. मी एकदा नकाशात ती जागा काढून दाखवली.

“काका, याला फक्त ३.९ आहे हो.”

“अगं, मी काय तिथे लग्नाचा हॉल बघायला जातो का? बारा चाळीसला जातो, एक वीसला खुर्चीत परत. तुला यायचंय तर चल.”

गेले. पिन चुकीच्या गल्लीत लावलेली, दार झेरॉक्सच्या दुकानाला लागून, वर जिना. माझ्या चाळणीत ही जागा कधीच आली नव्हती, अर्धा ३.९ मुळे, अर्धा पिनमुळे. रिव्ह्यू नंतर वाचले. एक तारेवाले जवळपास सगळे जिन्याबद्दल, लिफ्ट नसण्याबद्दल, ‘सजावट काहीच नाही’ याबद्दल. जेवणाबद्दल एकाचीही तक्रार नाही. बसल्याबरोबर पाणी आलं, पानात काहीतरी पडलं. वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये लिहून ठेवलंय की रिकामं थांबणं हाताला काही काम असताना थांबण्यापेक्षा लांब वाटतं. वाढणाऱ्या काकूंनी ते वाचलं नसणार. जेवण ७ गुणांचं. दुसऱ्यांदा ७. तिसऱ्यांदा ७. सहाव्यांदा भाजी खारट झाली होती, तेव्हा ६.

एका सहकाऱ्याने मला ३७ टक्क्यांचा नियम ऐकवला: पहिल्या ३७ टक्के जागा नुसत्या बघायच्या आणि मग त्यांच्यापेक्षा चांगली पहिली जी येईल ती धरायची. तो नियम इथे लागू नाही, कारण सोडलेली जागा पळून जात नाही, हवं तेव्हा परत जाता येतं. त्याऐवजी मी बुधवार शोधाचा ठेवलाय. बुधवारी नवी जागा, बाकी दिवस ओळखीच्या सात जागांपैकी एक. पहिल्या महिन्यात रोज शोध परवडत होता, कारण सापडलेल्याचा उपयोग पुढे खूप दिवस होणार होता. नोकरी बदलायची असेल त्या महिन्यात मी बुधवारही बंद करीन.

तक्रार एकच, पण मोठी. ‘आत्ता उघडं आहे’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आणि समोर बंद शटर, असं नऊ महिन्यांत पाच वेळा झालं. दोनदा तर ती जागा कायमची बंद होऊन महिने लोटले होते. दुरुस्ती सुचवली, दोन्ही मान्य झाल्या, पण त्या दिवशीचं जेवण गेलं ते गेलंच. आता लांब जायचं असेल तर आधी फोन लावते.

काकांच्या जागेचा रिव्ह्यू मी अजून लिहिलेला नाही. पाच तारे द्यायला बोट पुढे जातं आणि थांबतं. पण गेल्या आठवड्यात कुणीतरी लिहिलाच, फोटोंसकट, ‘दडलेला खजिना’ म्हणून, आणि वर पिनही योग्य गल्लीत हलवून ठेवली. काल बारा चाळीसला आम्ही जिन्यापाशी पोहोचलो तर पुढे नऊ माणसं. मी दोन मिनिटं ताटं मोजली. काका घड्याळाकडे बघत होते.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सहा मिनिटं, काका.”

ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, उद्यापासून बारा तीसला निघू.