मालवणातील घरगुती डबा : वर्षभराचा अनुभव

माझी बँकेतील बदली मालवणला झाली आणि लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले आम्ही दोघे मे महिन्याच्या अखेरीस लातूरहून येथे राहायला आलो. सामान लागेपर्यंत पंधरा दिवसांची सोय म्हणून घरमालकांनी सुचवलेल्या एका घरगुती खानावळीचा डबा लावला, तो वर्ष उलटले तरी सुरू आहे. देशावरून बदली होऊन येथे येणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हा अभिप्राय.

रोज ताजे मासे खायचे या हौसेने आम्ही आलो आणि नेमकी १ जूनपासून यंत्रचलित नौकांची मासेमारी बंद झाली. ही बंदी ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस असते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. सकाळी खानावळ चालवणाऱ्या काकूंचा फोन यायचा, "बाजारात मासो नाय, सुकट चलात?" त्या दोन महिन्यांत सुकट, सोडे घातलेले वांगे, क्वचित खाडीतली मासळी आणि बरेचदा कुळथाची पिठी एवढाच फेर होता, पण पिठल्यासारखी दिसणारी, आमसुलाने किंचित आंबट झालेली ती गरम पिठी भर पावसात भातावर घेतली, की माशांची आठवण येत नसे. पुढे १ ऑगस्टला नौका समुद्रात गेल्या, तर काकूंच्या घरी श्रावण! महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या हा या खानावळीतला सर्वोत्तम पदार्थ आहे, असे माझे मत त्याच महिन्यात झाले आणि ते अजून बदललेले नाही.

उकड्या तांदळाच्या भाताविषयी मात्र आमची फजिती झाली. जाड, तांबूस, दाताखाली दाणा लागणारा तो भात कच्चा राहिला आहे, अशी समजूत करून घेऊन यजमानांनी तिसऱ्याच दिवशी अगदी अदबीने तक्रार केली. काकू हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यापुरता वेगळा भात पाठवू लागल्या. दोन आठवड्यांनी आम्हीच उकडा परत मागितला. गणपतीनंतर पहिल्यांदा बांगड्याचे तिखले आले, तेव्हा यजमानांनी त्यातले तिरफळ मसाल्याचा दाणा समजून चावले आणि दहा मिनिटे त्यांची जीभ बधिर होऊन बसली. तिरफळ वासापुरते असते, ते बाजूला काढायचे असते, ही माहिती डब्यासोबत येत नाही.

आता तक्रारी. तळलेली तुकडी गरम असतानाच स्टीलच्या डब्यात बंद केली जाते, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत रव्याचे आवरण मऊ पडून सुटते. कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, अशी विनंती दोनदा करूनही फरक पडलेला नाही. शिवराक डब्याचे ८० आणि माशाच्या डब्याचे १३० रुपये ठरलेले असले, तरी सुरमई किंवा पापलेट असेल त्या दिवशी दर वाढतो आणि तो थेट महिन्याच्या हिशेबात कळतो. बाजारभाव रोज बदलतो हे मान्य आहे, पण फोन रोज येतोच, तर त्यातच दर सांगायला काय हरकत आहे? सर्वांत मोठी गैरसोय गणेशचतुर्थीची. काकू गावच्या घरी गेल्या आणि सात दिवस खानावळ बंद राहिली, त्याची सूचना आम्हाला आदल्या रात्री मिळाली. येथे अर्धे शहर त्या दिवसांत गावी जाते, हे मालवणकरांना सांगावे लागत नाही. आम्ही मात्र पोहे आणि खिचडीवर दिवस काढले.

सोलकढी रोज ताजी असते, नारळाच्या रसात पाण्याचा भरणा नसतो आणि जेवण तिखटजाळ नसते. ज्वारीची भाकरी मिळत नाही; तांदळाची मिळते, ती गरम असेपर्यंतच चांगली. डबा लावायला गेल्यावर काकू प्रथम "उकडो की सुरय?" असे विचारतात. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा साधा भात; पहिल्या आठवड्यापुरता तोच सांगावा.