बेदाण्यावरचा लेख कुठे विकावा: लेखबाजार आणि किंडल यांतील वर्ग व कीवर्डची निवड

तासगावच्या बेदाण्यावर तुम्ही एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला आहे, असे समजू. तो इंग्रजीत लिहून कॉन्स्टंट कंटेंटसारख्या लेखबाजारात, म्हणजे तयार लेख विकणाऱ्या संकेतस्थळावर ठेवावा, की त्याच विषयावरचे आणखी सात-आठ लेख जोडून अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तिका काढावी, हे ठरवायचे आहे. वर्ग (विषयाचा विभाग) आणि कीवर्ड (शोधासाठीचे शब्द) दोन्हीकडे भरावे लागतात. पण शोधणारा माणूस दोन्हीकडे वेगळा असतो आणि माझ्या मते सगळी निवड त्याच्यावरूनच ठरली पाहिजे.

लेखबाजारातील ग्राहक स्वतः वाचण्यासाठी लेख घेत नाही. सुकामेवा विकणाऱ्या दुकानदाराला, आहारविषयक संकेतस्थळाला किंवा निर्यातदाराला आपल्या संकेतस्थळासाठी मजकूर हवा असतो, म्हणून येथे वर्ग निवडताना लेखाच्या विषयापेक्षा ग्राहकाच्या व्यवसायाचा विचार आधी करावा. थॉमसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश जातीची द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून, सावलीच्या रॅकवर साधारण दोन आठवडे कशी वाळवतात, हे लेखाचे मुख्य अंग असेल, तर तो शेतीच्या वर्गात जावा. बेदाण्याचे पोषणमूल्य सांगणारा लेख आहार-आरोग्यात शोभतो. मात्र त्या वर्गात लेखांची गर्दी मोठी असल्यामुळे नवख्या लेखकाचा लेख सहज मागे पडतो. दोन्ही वर्ग लागू पडत असतील, तर मी अरुंद, म्हणजे नेमक्या विषयाचा आणि कमी गर्दीचा वर्ग घेईन.

कीवर्डबाबत एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. लेखबाजारात भरलेले कीवर्ड त्या बाजाराच्या अंतर्गत शोधासाठी असतात. ते लेखाला गूगलवर वर नेतील, ही अपेक्षा चुकीची आहे. वेबपानाच्या कीवर्ड टॅगचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या कीवर्डच्या यादीचा, क्रमवारीसाठी आपण उपयोग करत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते. म्हणून शब्दांची रास ओतण्याऐवजी ग्राहक कोणत्या देशातला आहे, याचा विचार करावा. अमेरिकन ग्राहक ‘रेझिन’ शोधेल. ब्रिटनमधला ग्राहक फिकट रंगाच्या याच बेदाण्यासाठी ‘सुलताना’ हा शब्द वापरेल. हे दोन्ही शब्द हवेत आणि त्यांच्या जोडीला ‘सांगली रेझिन्स’ हेही हवे, कारण सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून निर्यातदार ते नाव वापरतो. ‘अन्न’, ‘फळे’, ‘आरोग्य’ यांसारखे सुटे शब्द जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण ते हजारो लेखांना चिकटलेले असतात.

किंडलवर समोर येतो तो थेट वाचक. मराठी पुस्तके तेथे 2016 पासून प्रकाशित करता येतात. कीवर्डसाठी सात चौकटी मिळतात, प्रत्येकीत 50 अक्षरचिन्हांची मर्यादा असते, आणि 2023 पासून लेखक स्वतः तीन वर्ग निवडू शकतो. चौकटीत एकच शब्द टाकून उरलेली जागा वाया घालवू नये, आणि शीर्षकात आलेला शब्दही पुन्हा लिहू नये. येथे मराठीची एक खास अडचण आहे व तिच्याकडे फार कमी लेखक लक्ष देतात: आपला शब्द विभक्ती लागताच रूप बदलतो. ‘बेदाणा’ लिहिले म्हणून ‘बेदाण्याचा व्यवसाय’ शोधणाऱ्या वाचकाला पुस्तिका दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून वाचक जसा बोलतो तसा अख्खा शब्दसमूहच भरावा: ‘बेदाणा निर्मिती उद्योग’, ‘द्राक्ष प्रक्रिया व्यवसाय माहिती’. मनुका आणि किसमिस हे शब्दही घ्यावेत. बागायतदार त्यांत भेद करतो, पण घरातला वाचक बहुधा करत नाही.

वर्गांच्या बाबतीत किंडलवर अरुंद निवडीचा लाभ अधिक स्पष्ट दिसतो, कारण खपाची क्रमवारी वर्गागणिक लागते. लेखबाजारात मात्र वर्गाचा संबंध हक्कांशीही जोडावा. केवळ वापराचा परवाना विकायचा असेल, तर तोच लेख अनेकांना विकता येतो आणि थोडा व्यापक वर्ग चालतो. पूर्ण हक्क विकायचे असतील, तर चढी किंमत देणारा एकच जाणता ग्राहक पुरतो आणि तो अरुंद वर्गातच सापडतो.

हाताशी एकच लेख असेल आणि इंग्रजीवर पकड असेल, तर मी लेखबाजार, शेतीचा वर्ग आणि पाच-सहा नेमके कीवर्ड असे सुचवेन. विषयावर पुस्तिकेपुरता मजकूर असेल आणि बागायतदारांपर्यंत पोहोचायचे असेल, तर किंडल निवडावे. दोन्ही करायचे असल्यास आधी हक्क तपासावेत. पूर्ण हक्क विकलेला लेख मराठीत आणूनही पुस्तिकेत घेता येईलच असे नाही, आणि केडीपी सिलेक्ट या किंडलच्या ऐच्छिक योजनेत नोंदवलेली पुस्तिका किमान 90 दिवस डिजिटल स्वरूपात अन्यत्र ठेवता येत नाही.