ट्रकची ‘पॉवर वाढवून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

नाशिक जिल्ह्यातल्या, विशेषतः कांद्याची वाहतूक करणाऱ्या मोटर मालकांसाठी हे मुद्दाम लिहितोय. डिझेल गाडीची पॉवर वाढवून देतो, घाटात गाडी पळेल आणि वर अ‍ॅव्हरेजही सुधारेल, असं सांगणारी दुकानं हायवेला वाढली आहेत. आमच्या घरच्या ट्रकला अशाच एका दुकानात गंडवलं गेलं. ७२ हजार रुपये कामाचे गेले आणि नंतर इंजिन उघडायचे एक लाख नव्वद हजार. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण फसवायची पद्धत सगळीकडे साधारण हीच असते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

गाडी २०१८ ची, बीएस-४, सहा सिलिंडर, कंपनीची १८० एचपी. थोरले बंधू स्वतः चालवतात, हिशेब मी बघतो. कांदा घेऊन वाशी मार्केट, येताना भिवंडीचा माल. म्हणजे लोडवर कसारा घाट चढायचा तो परतीला. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी घाटात दम टाकायला लागली. जिथे तिसऱ्यावर निघायची तिथे दुसरा टाकावा लागायचा, धूरही वाढला होता.

दुकानदाराने लॅपटॉप लावला, दोन मिनिटं काहीतरी पाहिलं आणि दादांना म्हणाला, “शेठ, कंपनी इंजिन बांधून ठेवते. आपण फक्त मोकळं करायचं. १८० ची २३० करून देतो.” या वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. एकच इंजिन कंपन्या वेगवेगळ्या पॉवरला विकतात. पण त्यासाठी गरजेप्रमाणे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), कूलिंग, क्लच यांची जोडणीही बदलतात. ते हा सांगत नाही.

कामं तीन ठरली: ईसीएमचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) रिमॅप, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलणं, सहाही इंजेक्टर मोठ्या नोझलचे नवीन आणि एक ‘फ्युएल मॉड्यूल’. अर्धे पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नव्हे तर भलत्याच माणसाच्या खात्यावर. अर्धे रोख. कच्च्या पावतीवर फक्त ‘इंजिन वर्क’ एवढंच. सोबत एक रंगीत ग्राफ दिला, आधीची पॉवर आणि नंतरची पॉवर.

सुरुवातीला गाडी खरंच खेचायला लागली. काळा धूर आणखी वाढला, त्यावर उत्तर आलं की “पॉवर आली की धूर येतोच.” मग डीपस्टिकवर ऑइलची लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर यायला लागली आणि ऑइलला डिझेलचा वास यायला लागला. पुढे एका रात्री घाटात इंजिनने जोर सोडला, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सुटला आणि गाडी टो करून आणावी लागली.

नाशिकच्या एका जुन्या पंप-नोझलवाल्यांनी (डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्यांनी) केबिन उचलून वायरिंग हाताने चाचपत नेलं आणि सगळं उलगडलं.

कॉमन रेल इंजिनात हाय प्रेशर पंप डिझेल दाबून रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पुरवणाऱ्या सामाईक नळीत, भरतो. त्या रेलला एक प्रेशर सेन्सर असतो. तो ईसीएमला सांगतो की आत किती दाब आहे, आणि त्यावरून ईसीएम पंपाला कमी-जास्त करायला सांगतं. आमचं ते ‘फ्युएल मॉड्यूल’ या सेन्सरच्या आणि ईसीएमच्या वायरीमध्ये अडकवलेलं होतं. उघडलं तर आत बोटाएवढी पट्टी, काही रेझिस्टन्स आणि लुकलुकणारी निळी लाइट. बाकी पेटी एपॉक्सी ओतून जड केलेली. तिचं काम एकच: सेन्सरचं व्होल्टेज कमी करून दाखवायचं. ईसीएमला वाटतं दाब कमी आहे, म्हणून ते दाब वाढवतं. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो, पण दाब जास्त असल्याने डिझेल जास्त पडतं. पॉवर वाढली ती एवढ्यावरच.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की स्कॅनर लावला तरी सगळं नॉर्मल दिसतं. कारण स्कॅनर तोच आकडा दाखवतो जो ईसीएमला मिळतोय, आणि तो खोटा आहे. “बघा, कुठलाही एरर नाही,” असं म्हणत दुकानदाराने दादांना स्क्रीन दाखवली होती. त्या वेळी रेलमधला खरा दाब कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर होता.

डिझेल जास्त पडलं म्हणून ते जळतंच असं नाही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता चालायचं तर इंजिनला त्याहून बरीच जास्त हवा हवी असते. चुलीत लाकडं कोंबत गेलं आणि वारा मिळाला नाही तर जे होतं तेच इथे होतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि घाटात फुल लोडवर टर्बोच्या आधीचा गॅस याच्याही वर सहज जातो. पिस्टन वाचतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे आणि गार हवेमुळे. आमच्या चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड मेणासारखी ओघळली होती, बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) उभे ओरखडे होते आणि टर्बोच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) आला होता.

इंजेक्टरची गोष्ट वेगळीच. कॉमन रेलच्या बऱ्याच इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो. पंपवाल्यांनी ईसीएममधले सहाही कोड वाचले, ते जुनेच. मग इंजेक्टर काढून पाहिले, त्यांच्यावरही तेच कोड. म्हणजे आमचेच इंजेक्टर काढून, धुऊन, चकचकीत करून परत बसवले होते आणि पैसे नव्याचे लावले होते. रिमॅपचंही तेच. ईसीएममधल्या फाइलचा कॅलिब्रेशन नंबर आणि चेकसम (फाइलची ओळख पटवणारे आकडे) कंपनीचाच होता. लॅपटॉप नुसता लावला होता.

आणि तो ग्राफ! त्यावर पॉवरचा शेंडा ४००० आरपीएमला आहे आणि रेघ पाच हजारापर्यंत गेली आहे. आमचं इंजिन अडीच हजाराच्या आसपास पूर्ण पॉवर देतं, त्याच्या फार पुढे ते जातच नाही. कुठल्यातरी कारचा ग्राफ छापून वर आमच्या गाडीचा नंबर टाकला होता.

मला सगळ्यात जास्त चीड ज्याची आली ते आता सांगतो. गाडी मुळात खेचत का नव्हती? टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी होज क्लॅम्पच्या खाली चिरला होता. चिरेभोवती ऑइलचा काळा ओघळ, बोट लावलं की चिकटणारा. बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेली, हवा तिथूनच गळत होती. हवा कमी, म्हणून धूर आणि म्हणून घाटात दम. होज आणि क्लॅम्प मिळून खर्च काही हजारांचा. त्या दुकानातली माणसं केबिन उचलून त्या होजच्या शेजारी हात घालून बसली होती. त्यांना तो दिसला नाही यावर माझा विश्वास नाही. हवा गळणाऱ्या इंजिनात त्यांनी वरून जादा डिझेल ओतलं.

जाब विचारला तर आधी “ओव्हरलोड केलं असेल”, मग “डिझेल भेसळीचं असेल”, आणि नंतर फोन उचलणंच बंद.

गाडी खेचत नसेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि बूस्ट तपासून घ्या. पॉवर वाढवणारा अ‍ॅव्हरेजही वाढेल म्हणाला की तिथूनच उठा, जादा पॉवर जादा डिझेलमधूनच येते. खरं काम करणारा माणूस एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं गेज लावायला सांगतो, क्लचबद्दल विचारतो, कामाआधी आणि नंतर कॅलिब्रेशन नंबर दाखवतो, जुने इंजेक्टर तुमच्या हातात देतो. “आरटीओची काही अडचण नाही” असं हे दुकानदार सांगतात, तेही खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काम दुकानदाराने केलं तरी या दंडात अडकतो तो मालक.

“धंद्याची गाडी आहे, ग्राहक कोर्टात जाता येत नाही,” असंही आम्हाला ऐकवलं गेलं. तेही पूर्ण खरं नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकच ठरतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनला फोन केला तरी चालतं. आम्ही पेटी, यूपीआयची नोंद, कच्ची पावती, तो ग्राफ, इंजेक्टरच्या कोडचे फोटो आणि पंपवाल्यांचा लेखी अहवाल जोडला आहे. पेटी फोडून फेकू नका, तोच मोठा पुरावा आहे.

ज्यांच्या गाडीत अशी पेटी आधीच बसली आहे त्यांनी लोड घेण्याआधी केबिन उचलून रेलच्या टोकाचा सेन्सर शोधा. त्याच्या प्लगमधून निघालेली वायर थेट मूळ हार्नेसमध्ये (कंपनीच्या वायरींच्या जुडग्यात) न जाता एखाद्या पेटीत जात असेल तर इग्निशन बंद करून दोन्ही प्लग काढा आणि मूळ प्लग सेन्सरला जोडा. मग डीपस्टिक काढून वास घ्या. डिझेलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.