पत्रा आणि रांगोळी की स्पीकर आणि पाणी?

आवाजाच्या कंपनांनी उमटणारी नक्षी बघायचे हे दोन प्रकार. भाचीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी आम्ही इंदूरच्या घरी दोन्ही करून बघितले, म्हणून लिहितेय. पहिला प्रकार जुना, क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 मध्ये छापलेला: पत्रा मधोमध स्क्रूने घट्ट करायचा, वर रांगोळी भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा, की जिथे पत्रा थरथरतो तिथून कण उडतात आणि जिथे तो स्थिर असतो त्या रेषांवर जाऊन बसतात. बोट कडेला दुसरीकडे टेकवलं की नक्षी बदलते, आणि गज थांबवला तरी ती तशीच राहते, कितीही फोटो काढा! फक्त मैदा वापरू नका, आम्ही वापरला आणि सगळं उलटंच झालं, कारण बारीक पीठ पत्र्यालगतच्या हवेच्या भोवऱ्यांत ओढलं जाऊन जास्त थरथरणाऱ्या जागीच गोळा होतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने 1831 मध्येच शोधलं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे स्पीकरवर पाण्याची ताटली आणि मोबाईलवर टोन जनरेटर ॲप (हवा तो एकच सूर सलग वाजवणारं). सेटअप पाच मिनिटांचा, फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं, म्हणजे हर्ट्झ) बोटाने बदलते, पण टोन बंद की नक्षी गायब, आणि पाणी सांडलं तर स्पीकर गेला (आमचा वाचला, प्लास्टिक लावलं होतं). गंमत म्हणजे इथे लाटा आवाजाच्या अर्ध्या फ्रीक्वेन्सीने हलतात, 60 हर्ट्झला 30.

बघायला पाणी भारी, पण का होतं ते समजायला मला तरी पत्राच बरा वाटला. आजी म्हणाली, रांगोळी वाया घालवू नका, दिवाळीला लागेल.